मोसंबीवाल्याच्या घरची रानस्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरी म्हटलं की तुम्ही लगेच महाबळेश्वरकडे तोंड करता, म्हणून आधीच सांगून ठेवते, मी तिकडची नाही. मी रानस्ट्रॉबेरी. हिमाचलातल्या एका उतारावर, दगडाच्या आडोशाला जन्मले आणि सध्या मुक्काम जालना जिल्ह्यात, कुंभार पिंपळगावाजवळच्या एका मोसंबीच्या मळ्यात. इथे कशी आले, कशी मेले आणि तरीही कशी बोलतेय, ते ऐका.

दिसायला मी बेताचीच. वीतभर उंची, एका देठावर तीन दातेरी पानं, पाच पाकळ्यांचं पांढरं फूल आणि करंगळीच्या नखाएवढं फळ. दुकानातल्या लठ्ठ स्ट्रॉबेरीच्या पेशीत छप्पन्न गुणसूत्रं असतात, माझ्या पेशीत चौदाच. पण वासाच्या बाबतीत तिनं माझ्यापुढे उभं राहू नये. शिवाय तुम्ही फळ म्हणून जे खाता ते फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक असतं. त्यावरचे ठिपके, ज्यांना तुम्ही बिया म्हणता, ती माझी खरी फळं. एवढं समजावून सांगितलं तरी मळ्यात येणारा प्रत्येक जण विचारतो, खायची असती का ही?

आम्ही बियांपेक्षा पायांनीच जास्त पसरतो. बुंध्यातून दोऱ्यासारखं एक खोड निघतं, जमिनीवरून धावत जातं आणि ओल सापडली की तिथे मुळं सोडतं. पुस्तकात त्याला धावतं खोडच म्हणतात. त्याच्या टोकाला उगवते ती माझी लेक म्हणा, पण खरं तर ती मीच असते. तीच पानं, तीच चौदा गुणसूत्रं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला इकडे आणलं शालूनं. ती जालन्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. जून महिन्यात कॉलेजची सहल हिमाचलात आली होती. माझा उतार एका बागेच्या हद्दीत येतो, तिथल्या माळ्याला रीतसर विचारून तिनं मला ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्यात ठेवलं. तीन दिवस भाजीच्या वासात प्रवास करून मी जालन्याच्या स्टेशनवर उतरले.

शालूनं माझ्यावरच प्रकल्प घेतला. तिच्या संध्या मॅडम मात्र पक्क्या. अगदी माझ्यासारख्याच पानांची एक तोतया आहे. तिचं फूल पिवळं, फळ लालचुटूक आणि चवीला पाणी. मॅडम म्हणाल्या, पानावरून मी नाव लिहून देणार नाही, मार्चपर्यंत फूल आणि फळ दाखव, नाहीतर हा प्रकल्प धरला जाणार नाही. वर्गातल्या मुली तर उघडच हसल्या, की शालूनं एवढ्या लांबून गवत उचलून आणलं.

नवीन जालन्यातल्या तिच्या खोलीवर पत्रे होते. पावसाळा मी तिथे कसाबसा काढला. दिवाळीला तिनं मला गावी, मळ्यातल्या घरी आणलं आणि ओसरीत, रांजणाच्या शेजारी कुंडी ठेवली. आईला, म्हणजे द्वारकाबाईंना, रोज तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. वडिलांना, मच्छिंद्रअण्णांना, म्हणाली, "अण्णा, हिला फूल आलं पाहिजे. माझं वर्ष हिच्यावर हाय."

तिथेच घोटाळा झाला. मच्छिंद्रअण्णा म्हणजे तीस वर्षांचे मोसंबीवाले. मोसंबीला बहर धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. चाळीसेक दिवस पाणी तोडायचं. झाड तहानतं, पानं पिवळी पडून गळू लागतात, मग पाणी सोडलं की सगळी बाग फुलते. लेकीचं वर्ष फुलावर अडलंय म्हटल्यावर त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. डिसेंबरात बागेचं पाणी तोडलं आणि त्याच दिवशी माझंही.

द्वारकाबाई म्हणाल्या, पोरीनं रोज घाल म्हणलंय. अण्णा म्हणाले, "पाणी पिऊन तट्ट झालेल्या झाडाला फूल येतं का कुठं? शालूला सांगू नको. एकदम फूलच दाखवू."

माझी मुळं जेमतेम चार बोटं खोल. मोसंबीसारखा साठवणीचा बुंधा माझ्याकडे नाही. शिवाय फूल धरायला मला तहान लागत नाही, मला थंडी लागते आणि लहान दिवस लागतात, आणि ते दोन्ही त्या ओसरीत फुकट मिळत होते. पण हे सांगायला मला तोंड नव्हतं. आठव्या दिवशी माझी पानं पिवळी पडली, तेव्हा अण्णा खूश झाले. बराबर ताण बसला म्हणाले. तो माणूस माझ्यावर माया करत होता आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत मरत होते. मला त्याचा रागही धड येईना.

पंधराव्या दिवशी त्यांनी ताण तोडला. एक तांब्या घातला, दुसऱ्या दिवशी दोन. कुंडीतून काही निघालं नाही. पुढे ते ओसरीतून जाताना कुंडीकडे बघेनासे झाले.

संक्रांतीला शालू आली. कुंडीपाशी बसली, वाळलेला बुंधा बोटानं हलवून बघितला. अण्णा खांबाशी उभे होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही.

"मी ताण देल्ता, मोसंबीवानी. मह्या हातानं गेलं, बाई. तुहं वरीस मी घालवलं."

शालू ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती नुसती कुंडी मांडीवर घेऊन बसून राहिली. पोरीनं कष्टानं आणलेलं आपण मारलं, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसत होतं.

कुठून दिसत होतं, विचाराल. रांजणाच्या मागून. पावसाळ्यात माझ्यातून निघालेलं एक धावतं खोड दिवाळीनंतर कुंडीच्या काठावरून खाली उतरलं होतं. रांजण रात्रंदिवस पाझरतो, त्याच्याखालची माती कधी सुकत नाही. तिथे मी मुळं सोडली होती. पाणी भरायला गेलेल्या द्वारकाबाईंनी हाक मारली, "शालू, हे काय उगून राह्यलं बघ."

तीन दातेरी पानं. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन कळ्या. शालूनं वाळलेला दोरा कुंडीपासून रांजणापर्यंत बोटानं चाचपत नेला आणि मग ती रडली, म्हणजे बराच वेळ रडली.

सुट्टी दोनच दिवसांची होती. कळ्या आलेलं रोप पत्र्याखाली नेण्यात अर्थ नव्हता. निघताना ती म्हणाली, "अण्णा, हिच्याकडं तुम्हीच बघायचं."

"मह्याकडं नको. मायला सांग."

"न्हाई. तुम्हीच. रोज आधी बोट मातीत घालून बघा, मंगच पाणी."

तेव्हापासून रोज सकाळी अण्णा माझ्यापुढे उकिडवे बसत. आधी बोट, मग पाणी, तेही घोटाघोटानं. फेब्रुवारीत फूल उमललं. पांढरं. शालूनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी दोनपैकी एक फूल काढून तिच्याच जुन्या वहीत दाबून ठेवलं. मार्चमध्ये दुसऱ्या फुलाचं फळ पिकलं आणि मला कुंडीत बसवून, ती वही पिशवीत टाकून, एसटीत मांडीवर घेऊन ते जालन्याला निघाले. शेजारच्यानं विचारलं, खायची असती का? ते म्हणाले, "न्हाई. परीक्षेला चाल्ली."

मॅडमनी भिंगातून फूल पाहिलं, फळ कापून हुंगलं आणि नाव लिहून दिलं. फळाची उरलेली अर्धी फोड शालूनं दाराबाहेर थांबलेल्या अण्णांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली आणि मग बोटं हुंगत राहिले.

आता त्या कॉलेजच्या कपाटात एका जाड कागदावर माझा वाळलेला बुंधा आणि ते पांढरं फूल शेजारी शेजारी चिकटवलेलं आहे. खाली नाव, ठिकाण, तारीख, संग्राहक असे छापील रकाने आहेत. शालूनं त्याखाली पेनानं एक ओळ वाढवली. मॅडम म्हणाल्या, असा रकाना नसतो, पण त्यांनी तो खोडला नाही. ओळ अशी आहे: जोपासना, मच्छिंद्र, वडील.

मी पुन्हा रांजणामागे आहे. यंदा डिसेंबरात अण्णांनी बागेला ताण दिला आणि संध्याकाळी तांब्या घेऊन माझ्याकडे आले. तुम्हीही कुणाचं भलं करायला निघालात तर करा, बाबांनो, पण आधी मातीत बोट घालून बघा. अण्णांनी बघितलं. माती ओली होती. पाणी न घालताच ते थोडा वेळ माझ्यापाशी बसून राहिले.