केसर धवलारणीच्या हिरड्या

काळूराम म्हात्र्याच्या मुलीला हळद लावताना नवरीने तीनदा तोंड फिरवलं आणि तीनही वेळा पदर नाकाडोळ्यांशी नेला. मांडवातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत म्हणाल्या, "बघा, केसरनं रडवली पोरीला." केसरने ते ऐकलं आणि ती नवरीच्या आणखी जवळ सरकून गायला लागली.

खारेपाटातल्या आगऱ्यांच्या लग्नाला भटजी उशिरा आला तर चालायचं, पण लग्नगाणी म्हणणाऱ्या धवलारणीवाचून पान हलायचं नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत कुठला विधी कधी, हे तिच्या गाण्यांनी ठरायचं. पोयनाडच्या आसपासच्या गावांत गेली वीस वर्षं केसर ही पहिल्या मानाची धवलारीण होती. साल एकोणीसशे छप्पन, तिचं वय पंचेचाळीसच्या मागेपुढे. आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की ती मामलेदारालाही अरेतुरे करायची आणि मामलेदाराला ते आवडायचं.

तिच्या मागे उभी राहून सूर धरायची ती जनी. वयाने दहा वर्षांनी लहान, आणि पुढे उभं राहायची घाई झालेली. गाणं संपल्यावर जनी गोड आवाजात, पण मांडवाच्या शेवटच्या खांबाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "केसरबाय, जरा लांबून म्हन गो. पोर रडत न्हाय. तुज्या तोंडाचा वास सोसत न्हाय तिला."

 मग कोणीतरी फसकन हसलं, आणि मग हसू कोणालाच आवरेना.

केसरने लग्न शेवटपर्यंत नेलं, पण मान फिरवून गायली. घरी आली तेव्हा नवरा, भागोजी, मिठागरातून येऊन पाय धूत होता.

"माज्या तोंडाला वास येतो?"

भागोजीने पाय पुन्हा एकदा धुतले. मग म्हणाला, "येतो."

"कवापासून?"

"दोन वर्सां झाली."

"आनि तू बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर तू मला घरात ठेवला असतास काय?"

तेव्हा कुठे केसरच्या ध्यानात आलं की गेली दोन वर्षं हा माणूस उकडतं म्हणून ओटीवर झोपतो, आणि पौषातल्या थंडीतही त्याला उकडत होतं.

तिने आरसा उजेडात नेऊन ओठ वर केला. हिरड्या जांभळासारख्या सुजलेल्या. बोट दाबलं की रक्त. दातांच्या मुळाशी पिवळं-काळं कीटण बसलेलं, आणि खालचा पुढचा एक दात जिभेने ढकलला की डुलत होता. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती मशेरी लावत होती. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ दातांना घासायची. हिरडी दुखली की जास्त घासायची, म्हणजे हिरडी बधिर व्हायची आणि केसर समजायची की बरी झाली.

सोमवारी ती पोयनाडच्या बाजारात गेली. तिथे एक दातवाला बसायचा. टेबलावर काचेच्या बरणीत उपटलेले दात भरून ठेवलेले, मागे रंगीत पाटी. त्याने केसरच्या तोंडात एकदा डोकावून पाहिलं आणि लगेच चिमटा पुसायला घेतला.

"सगळे काढून टाकू. कवळी बसवतो. मरेपर्यंत काळजी नाही."

"कवलीनं गाता येईल?"

"गाता? अहो, पोलीसपाटलांना विचारा. मीच बसवली आहे."

केसरने खरंच विचारलं. पोलीसपाटील रामचंद्र चावडीपुढे बसला होता. तिने त्याला एक ओळ म्हणून दाखवायला सांगितलं. रामचंद्राला आपल्या गळ्याचा अभिमान होता. त्याने डोळे मिटून पहिला सूर लावला. खालची कवळी टकटक वाजू लागली, प्रत्येक 'स' बरोबर शीळ निघाली, आणि दुसऱ्या ओळीला चावडीखालचं कुत्रं उठून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसलं. रामचंद्राने कवळी काढून खिशात ठेवली आणि म्हणाला, "जेवताना मी काढूनच ठेवतो."

केसर तिथूनच एस. टी. त चढली आणि अलिबागला गेली.

अलिबागला दिनानाथ नावाचा तरुण दातांचा डॉक्टर मुंबईहून शिकून आला होता. त्याच्याकडे पायाने दाबली की वर चढणारी खुर्ची होती. केसरने आधी तिच्यावर बसून दोनदा वर-खाली करून घेतलं, मगच तोंड उघडलं. डॉक्टरने बारीक सळईने एकेका दाताच्या कडेला हिरडी किती सुटली आहे ते पाहिलं, आकडे टिपून घेतले, आणि हात धुतले.

"मावशी, तुमच्या दातांत फार दोष नाही. आजार हिरड्यांना आहे. दातावर कीटण चढतं, ते हिरडीच्या आत शिरतं, आणि हिरडी त्याच्यापासून लांब पळते. ते कीटण खरवडून काढायचं. कापायचं काही नाही, शिवायचं काही नाही. तो पुढचा एक दात राहील की नाही सांगता येत नाही. बाकीचे राहतील."

"अवदंच?"

"एवढंच नाही. घरी मऊ ब्रश, बोटाने हिरड्या चोळायच्या, आणि दिवसातून तीनदा कोमट पाण्यात मीठ घालून चुळा."

केसर खुर्चीत ताठ झाली. "मीठ? माजा नवरा मिठागरात मीठ वडतो. घरात पायाखाली मीठ हाय. आनि तू मला अलिबागला आनून मीठ सांगतंस?"

"आणि मशेरी बंद," डॉक्टर म्हणाला.

मिठावर ती भांडली, मशेरीवर मात्र एकदम गप्प झाली. भागोजीला हे मागाहून कळलं तेव्हा त्याला खरं वाटेना; तिला गप्प झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

उपचार दर बुधवारी. एका खेपेला तोंडाचा एकच कोपरा. डॉक्टर हिरडीला बधिर करायचं औषध लावायचा आणि आकड्यासारख्या हत्याराने दाताच्या मुळापर्यंत खरवडत जायचा. करकर आवाज थेट कानात शिरायचा. मग आयोडीनचा काळपट बोळा फिरवायचा. भागोजी प्रत्येक वेळी मिठागरातून रजा काढून सोबत यायचा. केसरला वाटलं, काळजीपोटी. खरी गोष्ट अशी की अर्धा तास बायको तोंड उघडं ठेवून एक शब्द बोलत नाही, हे सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळणार नव्हतं. एकदा तर त्याने डॉक्टरला विचारलं, "आजच दोन कोपरे केले तर?"

पहिल्या आठवड्यात रक्त जास्तच आलं. केसर म्हणाली, डॉक्टरनं मारली मला. दुसऱ्या आठवड्यात कमी आलं. तिसऱ्यात भागोजी जेवताना तिच्या शेजारी बसला, तेही स्वतःहून.

पण मशेरी सुटेना. भागोजीने डबी विहिरीत टाकली, तर तिने दुसरी तांदळाच्या कणगीत पुरली. ती सापडली तर हळदीच्या डब्यात. हळदीतली मशेरी आमटीत पडली आणि घरभर ठसका उठला, तेव्हा तीही गेली. चौथ्या बुधवारी केसर देवाची शपथ घेऊन म्हणाली, "सोडली."

डॉक्टर हसला नाही. त्याने एका बाटलीतून दोन थेंब पाण्यात टाकले, तिला चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. केसरचे दात कडेकडेने लालभडक झाले होते.

"या औषधाचं एवढंच काम. जिथे मळ बसलेला आहे तिथे ते लाल होतं. साफ दाताला रंग चढत नाही. आणि हा मागचा काळा पट्टा कशाचा, ते तुम्हीच सांगा."

दिवाणी कोर्टातल्या साक्षीदारासारखा तो आरसा होता. केसरने कनवटीची पुडी काढली आणि निमूटपणे टेबलावर ठेवली. तेव्हापासून मशेरी खरंच सुटली. पंधरा दिवस ती कुत्र्यामांजरांवरही ओरडत होती, पण सुटली. जाताना तिने डॉक्टरकडून लाल औषधाची छोटी बाटली मागून घेतली. रात्री ब्रश केल्यावर ती चूळ भरून आरशात बघायची, आणि लाल दिसलं तर पुन्हा घासायची. पुढचा तो दात मात्र राहिला नाही. फाल्गुनात एका दुपारी तो आपणहून तिच्या हातात आला. बाकीच्या हिरड्या घट्ट आणि गुलाबी झाल्या.

वैशाखात शेजारच्या गावात मोठं लग्न होतं. वर्षभरात जनीचं नाव बरंच पुढे आलं होतं, म्हणून यजमानांनी दोघींनाही बोलावलं. हळदीच्या सकाळी केसर यजमानांच्या पडवीत बसून ब्रश करत होती. शेजारी बाटली होती. जनीने बाटलीकडे बघितलं, मग केसरच्या दातांकडे.

"हे काय घेतंस गो?"

"डाक्तरनं दिलंय," केसर म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

"गल्यासाठी?"

"गल्यात न्हाय जात. तोंडातच ठेवायचं." यातही खोटं काही नव्हतं.

मग ती पाणी आणायच्या निमित्ताने उठली आणि पाठमोरी उभी राहिली. खांबावरच्या आरशात तिला जनी दिसत होती. जनीने दोन थेंब घेतले नाहीत, अर्धी बाटली तोंडात ओतली. चांगली घुसळली, थुंकली आणि बाटली जागेवर ठेवली. केसरने तिला थांबवायला हवं होतं. तिच्या मनात तसं आलंही. पण तेवढ्यात काळूरामच्या मांडवातलं हसू तिच्या कानात वाजलं, आणि ती कळशी भरत राहिली.

जनी हळदीला पुढे उभी राहिली, हसली आणि तिने तोंड उघडलं. वरचे, खालचे, सगळे दात रक्तासारखे लाल. केसर पदराआड हसण्याची तयारी करून बसली होती. पण घडलं भलतंच. नवरदेवाची आत्या, सोनूबाई, हात जोडून म्हणाली, "काय रंगलाय गो! हे पान मुंबयचं काय?" जनीला काय झालं आहे ते कळलं नव्हतं, पण पानाचं कौतुक तिला कळलं. "व्हय," ती म्हणाली, "खास मागवलंय." दुपारपर्यंत चार बायका जनीकडे ते पान मागत होत्या आणि सोनूबाईने तिला दोन गाणी जास्त म्हणायला लावली.

केसर अशी जळली की तिला जेवण गेलं नाही. आठ दिवसांनी जनी तिच्या दारात उभी. "केसरबाय, ते लाल औषद अजून हाय काय?"

केसर 'संपलं' म्हणणार होती. तेवढ्यात जनी अंगणाच्या कडेला थुंकली. औषधाचा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, हे केसरला पाठ होतं. आणि कडेला पडलेलं ते लाल होतं, म्हणजे रक्तच.

"तोंड उघड," केसर म्हणाली.

"कशाला?"

"उघड म्हनते ना."

जनीने उघडलं. हिरड्या जांभळासारख्या सुजलेल्या, मुळाशी कीटण.  केसर आता काही न बोलता राहिली असती, तर आणखी दोन वर्षांत जनीचे दात बाजारातल्या त्या बरणीत गेले असते आणि खारेपाटातलं एकही लग्न दुसऱ्या कोणाकडे गेलं नसतं. हा हिशेब तिच्या डोक्यात पुरता झाला. तो तिला इतका गोड लागला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"ते पान नव्हतं, जनी," ती म्हणाली. "ते मळ दाखवायचं औषद. जिथं लाल, तिथं घान. तुजं सगलं तोंड लाल होतं."

जनीने बोट दातावरून फिरवून बघितलं. "म्हनजे तुला ठावं होतं?"

"व्हय."

"आनि मी पीत होते तेवा तू बघत होतीस?"

"आरशात."

जनीने ओटीवरचा सोटा उचलला. भागोजीने मागच्या दाराने मिठागराची वाट धरली. पण सोटा खाली आला नाही. जनीने तो पुन्हा ठेवला, ओठ दाबून धरले, आणि विचारलं, "डाक्तरकडं दुखतं काय?"

"दुखत न्हाय. करकर वाजतं. पन बुधवारी मी येते संगती अलिबागला."

जनीने तिच्याशी बोलणं टाकलं. मात्र बुधवारी सकाळी ती एस. टी. च्या थांब्यावर हजर होती. गाडीत ती केसरच्या पुढच्या बाकावर, पाठ करून बसली. डॉक्टरने मशेरी किती वर्षं असं विचारलं तेव्हा तिने भिंतीला उत्तर दिलं. परतताना गाडी पोयनाडच्या अलीकडच्या खिंडीत बंद पडली आणि ड्रायव्हर खाली उतरून बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. अर्धा तास गेला. उतारूंपैकी कोणीतरी ओळखलं आणि ओरडलं, "अरे, दोन धवलारणी बसल्यात गाडीत! एक होऊन जाऊ दे!"

केसरने सुरुवात केली. बधिर झालेल्या ओठाने जनी दुसऱ्या ओळीला मागून शिरली, एक सूर उंच लावून, मुद्दाम.