बाईंचा आवाज मी पुसला

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणारी यादी. जुनी म्हणजे तेरा वर्षांची. आमच्यात हे वय आजीचे समजतात. माझ्यात जेमतेम नऊ ओळी आहेत. पण या नऊ ओळींनी जे केले, ते ऐकून तुम्ही माझा राग राग कराल. खुशाल करा.

मला घडवले रुग्णालयाच्या सिस्टीमवाल्या साहेबांनी. घशाचे मोठे ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांचा आवाज आमच्या विभागात आधीच ध्वनिमुद्रित करतात. मग आवाज गेल्यावर रुग्ण जे टाइप करतो, ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलते. संपलेल्या कामाची फोल्डरे दर शनिवारी दुपारी पुसणे, हे माझे काम. एक आज्ञा अशा फोल्डरांची यादी करते. पाइपमधून ती नावे माझ्याकडे येतात, नळातून पाणी यावे तशी. एकेक नाव मी व्हेरिएबल नावाच्या डब्यात ठेवते आणि त्या नावाचे फोल्डर पुसते. उरलेल्याची दुसरी प्रत काढते ती त्यानंतर, आधीची प्रत पुसून.

त्या डब्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे हवी होती. ती नसली की नावातल्या मोकळ्या जागेपाशी मी नाव तोडते आणि एका नावाची दोन नावे समजते. साहेबांनी कंटाळा केला. तेव्हा फोल्डरांना नुसते क्रमांक असत, म्हणून तेरा वर्षे सारे निभावले. "माझी स्क्रिप्ट आहे, एक तक्रार नाही," असे ते सर्वांना सांगत आणि मी फुशारून जाई.

मग ध्वनिमुद्रणाला नवी ताई आली. माणसांना क्रमांक देणे तिच्या जिवावर येई. तिने साहेबांना विचारले, "नावं दिली तर चालतील ना? दोन शब्दांची?"

"दे की. त्याला काय होतंय?" साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

एक निवृत्त शिक्षिका आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. दुखऱ्या घशाने नऊ दिवस बसून त्यांनी सोळाशे वाक्ये वाचली. ताईने ती 'बाई' नावाच्या फोल्डरात ठेवली. पहिल्या दिवशी माइक तपासताना घेतलेला तुकडा 'बाई नमुना' या फोल्डरात होता. ऑपरेशन झाले, बाईंचा आवाज कायमचा गेला. यंत्रासाठी वाक्ये सोमवारी पाठवायची होती. शुक्रवारी ताईने नमुन्याच्या फोल्डरावर 'काम संपले' अशी खूण केली.

शनिवारी माझ्याकडे नाव आले, 'बाई नमुना'. मी ते तोडले. 'बाई' पुसले. 'नमुना' नावाचे काही नव्हतेच, पण नसलेल्याबद्दल कुरकुर करायची नाही असा मला हुकूम होता. मग इमानदारीने प्रत काढली, तीही बाईंवाचून.

सोमवारी बाईंची वाक्ये सापडेनात, तेव्हा साहेबांनी माझ्यात ती दोन चिन्हे घातली. त्याला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. वरिष्ठांसमोर ते म्हणाले, "नावात जागा सोडायची नसते, एवढं साधं तिला कळू नये?" ताईची नोकरी गेली. जाण्याआधी बाईंना सांगण्याचे कामही तिच्याच गळ्यात घातले.

बाई मुलीला घेऊन आल्या. ताईने उरलेला नमुना लावला. "एक, दोन, तीन. चालू झालं का गं? वाचू का आता?"

"पुढचं लावा ना," मुलगी म्हणाली.

"पुढचं नाही," ताई म्हणाली.

बाईंनी बराच वेळ टाइप केले. मग यंत्र कोणा परक्या तरुणीच्या आवाजात बोलले, "आईचा आवाज म्हणून हिला एवढंच ऐकवायचं मी?" ताईने बाईंपुढे हात जोडले. मला तर हातच नाहीत.

साहेब आता पुन्हा माझे कौतुक सांगतात. मित्रांनो, व्हेरिएबलला अवतरणचिन्हे घालायचा आळस करू नका. पुसण्याआधी काय पुसले जाणार आहे, ते एकदा पडद्यावर छापून वाचा. मी कोणाला विचारत नाही, मी पुसते. बाईंना रोज सकाळी मुलीला हाक मारायची असते, आणि ती हाक त्या परक्या तरुणीच्या आवाजात जाते.