पुकाऱ्याच्या वहीतली टाचणी

मित्रांनो, आधी हात पुसा आणि मगच जवळ या. रागावू नका हं, माझा स्वभावच असा घाबरट आहे. मी एक जुनी वही आहे, आणि आता माझ्या पानाला ओलं बोट लागणार असं दिसलं तरी मी पानं घट्ट मिटून घेते.

मी लग्नाची नोंदवही नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक तिथेच फसतात. लग्नाची नोंदवही ही माझी थोरली बहीण. कातडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची. लग्न लागलं की नवरा-नवरी तिच्यात सही करायची आणि ती पुन्हा लोखंडी कपाटात जाऊन बसायची. मी नुसती पुकाऱ्याची वही. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार त्या दोघांची नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत आणि विचारत, "या लग्नाला कोणाची हरकत आहे का?" त्यालाच पुकारा म्हणत. कोणाचा पुकारा कधी झाला, एवढंच माझ्यात लिहायचं. माझं अंग पुठ्ठ्याचं, आणि जागा मेणबत्त्यांच्या तुकड्यांच्या खणात.

ज्या बाइंडरने मला शिवलं, तो शिवताना शेजाऱ्याशी गप्पा मारत होता. म्हणून माझा एक टाका आजही सैल आहे. बहिणीच्या वेळी मात्र तो श्वास रोखून बसला होता म्हणे! असो.

आमचे म्हातारे फादर मात्र माझे फार लाड करत. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं असे. सुटी चिठ्ठी आली की ते ती माझ्या पानाला टाचणीने टाचत, आणि दुखऱ्या अंगठ्यामुळे ती टाचणी कायम तिरकी बसे. टाचणी एकीकडून आत जाते आणि दुसरीकडून बाहेर येते. म्हणजे एका टाचणीची दोन भोकं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका वर्षी एका गवंड्याचा पुकारा झाला. नवरी नदीपलीकडच्या गावातली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. तीन रविवार नावं वाचली, कोणी हरकत घेतली नाही. लग्न मुलीकडच्या चर्चमध्ये लागलं, म्हणून माझ्या बहिणीत त्याची नोंद झाली नाही. पण तिथल्या फादरांनी नवऱ्याच्याच हाती एक चिठ्ठी धाडली. 'आपण पुकारलेल्या जोडप्याचा विवाह आज आमच्या चर्चमध्ये झाला.' खाली तारीख आणि सही. नावं नव्हती. आणणारा खुद्द नवरदेव, मग नावं कशाला लिहायची? फादर हसले, त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि ती चिठ्ठी त्याच्या पानाला टाचली. तिरकी.

पुढच्याच वर्षी म्हातारे फादर वारले. मग एक दिवस आमचा घंटेवाला मेणबत्ती शोधायला खणात हात घालून बसला आणि त्याने मला धाडकन खाली पाडलं. टाचणी निसटली, चिठ्ठी फरशीवर. तो बिचारा निरक्षर, त्यात घाईत. पान जिथे उघडलं होतं तिथेच त्याने चिठ्ठी लावून टाकली. पान होतं त्याच रविवारी पुकारलेल्या दुसऱ्या जोडप्याचं! मी आतल्या आत किंचाळले, 'अहो, एक पान मागे! एकच पान!' पण वहीचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

आणि मग व्हायचं तेच झालं. चार वर्षांनी भिंत कोसळून तो गवंडी गेला. घरात दोन लहान लेकरं. सासू-सासऱ्यांना सून कधी आवडलीच नव्हती. ते म्हणाले, "लग्न झालंच नव्हतं. ही कोण आमची?" ती मुलांना घेऊन नव्या फादरांकडे आली. पलीकडचं चर्च त्याच साली पुरात गेलं होतं, कागदांसकट. तिथले फादर कुठे दूर बदलून गेले होते. तिच्या माहेरच्यांचं कोणी ऐकून घेईना. फादरांनी माझ्या बहिणीला पाहिलं, मग मला उघडलं. तिचं पान काढलं. पुकारा होता, चिठ्ठी नव्हती.

"पुकारा म्हणजे लग्न नव्हे, बाई," ते म्हणाले.

"फादर, चिठ्ठी होती हो. त्यांनी स्वतः आणली होती," ती म्हणाली.

घंटेवाला तिथेच दाराशी उभा होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि मला सगळं ठाऊक होतं. थोरली पोर आईचा पदर धरून टकामका माझ्याकडे बघत होती. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. ती बाई गेली, आणि नवऱ्याच्या कबरीच्या दगडावर तिचं नाव कधी लागलं नाही.

त्यानंतरची वर्षं काय सांगू! पुकारे बंद झाले. खणात माझ्यावर मेण सांडलं. लोखंडी कपाटातल्या बहिणीला ओल लागली आणि तिचा लगदा झाला. जिचा इतका थाट, ती गेली, आणि मी पुठ्ठ्याची राहिले. मग मला जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात आणलं. तिथल्या साहेबांचा एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर असतो, म्हणून मी त्यांना दोनचष्मे म्हणते. माणूस भला, पण शिस्तीचा. त्यांच्या सूचीत ती चिठ्ठी दुसऱ्या जोडप्याच्या नावावर चढली. खोटं आता छापून तयार झालं.

मग एक दिवस तर माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दोनचष्मे मदतनीस बाईंना म्हणाले, "ही वही उद्या डागडुजीला पाठवू. गंजक्या टाचण्या काढायच्या, भोकं बुजवायची, नवीन शिवण घालायची." भोकं बुजवायची! माझ्याकडे खऱ्याचा पुरावा म्हणून तेवढी दोन भोकंच उरली होती. ती गेली की संपलंच सगळं.

आणि त्याच दिवशी ती आली. पन्नाशीची शिवणकाम करणारी बाई. तिच्या कॉलरला टाचण्यांची रांग पाहून माझा थरकाप उडाला. दोनचष्म्यांनी तिला सगळ्या टाचण्या काढून एका बशीत ठेवायला लावल्या.

"अकरा आहेत. मोजून परत घेईन हं," ती म्हणाली.

गवंड्याच्या धाकट्या मुलाची ही मुलगी. तिचे वडील मागेच गेले. तिची आत्या, म्हणजे आईचा पदर धरून माझ्याकडे बघणारी तीच पोर, आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. आत्याची एकच इच्छा होती. आपले डोळे मिटण्याआधी वडिलांच्या दगडावर आईचं नाव कोरलं जावं. दफनभूमीची समिती म्हणत होती, लग्नाचा पुरावा आणा.

बाईने पान शोधलं आणि तिचा चेहरा फुलला. "सापडलं! दोघांची नावं आहेत. तीन रविवार. झालं होतं लग्न!"

दोनचष्मे हळूच म्हणाले, "बाई, हा पुकारा आहे. लग्नाआधीचा. काही जोडप्यांचा पुकारा होई आणि लग्न मोडेही. समिती हे मानणार नाही."

"मग कुठे बघू?"

"त्या वर्षांची लग्नाची वही कुजली. पलीकडचं चर्च पुरात गेलं."

तिचा चेहरा पार उतरला. तिने पान उलटलं, नुसतंच, हातांना काहीतरी करायला हवं म्हणून. तिथे ती चिठ्ठी होती. ती वाचून म्हणाली, "यांचं नशीब बघा. यांना चिठ्ठीसुद्धा मिळाली." माझा जीव टांगणीला लागला. बाई गं, नशीब नको बघूस, भोकं बघ!

तिने चष्मा पुसला. मग शिवणाऱ्या माणसाची सवय म्हणा, ती चिठ्ठीच्या टाचणीकडे बघत राहिली.

"साहेब, या चिठ्ठीला चार भोकं कशी?"

"जुना कागद आहे, बाई."

"जुना असू दे. टाचणी दोन भोकं पाडते. ही दोन आत्ताच्या टाचणीची, सरळ. आणि ही दोन तिरकी, त्यांत काहीच नाही. आणि या पानाला तर दोनच भोकं आहेत. म्हणजे ही चिठ्ठी आधी दुसरीकडे कुठेतरी टाचलेली होती."

ती एक पान मागे गेली आणि तिने ते उजेडाकडे तिरपं धरलं. गवंड्याच्या नावाशेजारी दोन तिरकी भोकं होती, कडेला गंजाची पिवळी रेघ.

दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. चिमट्याने टाचणी सोडवली, चिठ्ठी उचलली आणि मागच्या पानावर ठेवली. भोकावर भोक. तिरकं ते तिरकं. चिठ्ठीवरचा गंज आणि पानावरचा गंज एकाच रेषेत आला.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. एवढी वर्षं कोणी केलं नाही ते त्यांनी आता केलं. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ताडून वाचली. "ही चिठ्ठी बाहेरच्या चर्चमधून आलेली आहे. आणि हे पुढच्या पानावरचं जोडपं? दोघंही याच गावचे! त्यांना बाहेरून चिठ्ठी येईलच कशाला? त्यांचं लग्न इथेच लागलं असणार. त्या रविवारांत नदीपलीकडची नवरी एकच आहे, बाई. तुमची आजी." मग ते खुर्चीत मटकन बसले. "आणि मी हे चुकीचं छापून ठेवलंय. माफ करा मला."

बाईने तोंडावर हात धरला आणि ती रडली. माझाही जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. समिती काय म्हणेल?

दोनचष्म्यांनी दोन्ही पानांचे आणि चिठ्ठीचे फोटो काढले, स्वतःच्या चुकीसकट सगळं सविस्तर लिहिलं आणि सही केली. माझी डागडुजी पुढे ढकलली. अकरा दिवस मी घुसमटत काढले.

बाराव्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून आत्या आली. समितीचं होकाराचं पत्र तिच्या मांडीवर होतं. तिने मला ओळखलं. "हीच ती. हिच्यावर मेणाचा डाग नव्हता तेव्हा," ती म्हणाली. मग दोनचष्म्यांना म्हणाली, "वाचाल का? तेव्हा वाचायचे तसं, मोठ्याने."

"आत्या, इथे बोलायची मनाई आहे गं," भाची कुजबुजली.

दोनचष्मे उभे राहिले. 'शांतता राखा' अशी पाटी त्यांनीच लावलेली. तिच्याखाली उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात दोघांची नावं वाचली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी विचारलं, "या लग्नाला कोणाची हरकत आहे का?"

खोलीत सातआठ अनोळखी माणसं आपापल्या वह्यांवर वाकलेली होती. सगळ्यांनी माना वर केल्या. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "छे हो, कसली हरकत!" आत्या हसली, आणि मग डोळे पुसत किती तरी वेळ हसत राहिली.

मित्रांनो, आता माझी डागडुजी झाली आहे. सैल टाका घट्ट झाला, मेण निघालं. माझी काळजी करण्याची खोड काही गेली नाही, म्हणून एवढंच विनवते. जुन्या कागदातून साधी टाचणी काढायची झाली, तरी ती कुठे होती आणि कशी होती, ते आधी लिहून ठेवा. जिथलं तिथेच परत ठेवा. आणि आम्हाला नीटनेटकं करायच्या नादात फार बुजवाबुजवी करू नका. माझी सगळी भोकं कारागिराने बारीक कागद लावून बुजवली, पण गवंड्याच्या पानावर दोनचष्म्यांनी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती, 'ही दोन तशीच राहू द्या.' ती अजून उघडी आहेत. पान उजेडाकडे धरलंत, तर त्यांतून उजेड येतो.