बाहेरचं कुलूप

पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि सिमेंटच्या जमिनीवर गरगरत राहिलं. अकेयोने झडप घालून ते दाबून धरलं, पण तोवर दाराबाहेरची कुजबुज थांबली होती.

दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली शेजारच्या ओपियोच्या आईकडे. सकाळीच अकेयोने तिला विनवलं होतं, आम्हाला आत कोंडून ठेव, कर्जगटातल्या बायका आल्या तर माहेरी गेली म्हणून सांग. लेकीला, रोडाला, सांगितलं होतं की आज उंदीर-उंदीर खेळायचं, आवाज करायचा नाही. भूक लागेपर्यंत पोर छान खेळली. मग उगालीचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, उरलासुरला गोळा शोधायला पातेल्याकडे रांगत गेली.

"अकेयो," गटाच्या प्रमुख सिल्पाबाई दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाल्या, "कुलूप बाहेर नि तू आत. आम्हाला शिकवतेस होय गं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

गटाला कर्ज मिळायचं ते सगळ्यांच्या भरवशावर. एक चुकली की बाकीच्यांच्या पदराला खार. म्हणून दर गुरुवारी चर्चच्या अंगणात हप्त्याचे पैसे पुरे जमेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि दोनदा चुकलेलीच्या घरी सगळ्यांनी मिळून जायचं, हाती लागेल ते उचलून विकायचं. हे अकेयोला कुणी समजवायला नको होतं.

तिने कर्ज काढलं ते ओमेनासाठी, सरोवरातली ती बारीक मासळी सुकवून विकायला. निम्मे पैसे मक्याच्या पिठात, रॉकेलमध्ये, रोडाच्या तापात गेले. उरलेल्यांची मासळी आणून जाळ्यावर पसरली, तर आठवडाभर ऊनच पडलं नाही. कुजली, कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने गेली. पहिला हप्ता तिने फोनवरून कर्ज घेऊन भागवला. मग ते फेडायला फोनच विकला. पुढचे दोन हप्ते चुकले. आता नैरोबीतल्या नवऱ्याकडे मागायचीही सोय नव्हती.

ओपियोच्या आईने किल्ली दिली. तिलाही याच वस्तीत राहायचं होतं.

बायका आत आल्या. सगळ्या कधी ना कधी याच घरात चहा प्यायलेल्या. स्टोव्ह गेला, खुर्च्या गेल्या, मासळीचं घमेलं गेलं. अकेयो भिंतीला टेकून उभी होती. सिल्पाबाईंनी गादीला हात घातला तेव्हा मात्र ती पुढे झाली.

"बाकी सगळं न्या. गादी राहू द्या. पोरगी सिमेंटवर झोपेल हो."

गादीचं दुसरं टोक पेरेसने धरलं होतं. ती हळूच म्हणाली, "माझा झोपतोय की."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच अकेयोला ते सहन झालं नाही. गेल्या महिन्यात पेरेसच्याही दाराला असंच बाहेरून कुलूप होतं. आत तिचा मुलगा खोकला होता. बाकीच्या परत फिरल्या होत्या. खोकला ऐकला अकेयोने. "आहेत आत," असं तिनेच सांगितलं होतं, आणि गादी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत तीच चालली होती.

पेरेसने गादीवरचं रोडाचं विरलेलं पांघरूण काढलं, झटकलं, घडी घालून पोरीच्या हातात दिलं. मग गादी उचलली.

दार उघडंच राहिलं. गादीच्या जागेवर जमिनीचा रंग वेगळा होता. रोडा त्यावर जाऊन आडवी झाली, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून.

"आई, त्या दिवशी तू पेरेसमावशीची गादी आणायला गेली होतीस ना?"

"हो."

"मग आता आपण कुणाची आणायला जायचं?"