सात नारळांची हवा

दर गुरुवारी रिहे गावच्या माळावर दोनेकशे माणसं माना वर करून उभी राहायची. पवननाथ महाराज चादर पांघरलेल्या लाकडी चौथऱ्यावरच्या पितळी घागरीच्या तोंडावर भक्ताचा नारळ ठेवायचे. "देवा, होय तर ने, नाही तर राहू दे!" झांजा कडाडायच्या आणि नारळ दोन पुरुष उंच उडायचा. उडाला की वायुदेवाचा कौल मिळाला. खाली येणाऱ्या नारळापासून डोकं वाचवणं मात्र ज्याचं त्यानं बघायचं. दिवसाला सातच कौल. "देवही दमतो, बालकांनो," महाराज सांगायचे.

मी दयानंद. फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. हे कौल सुरू होण्याआधी महाराजांचा शिष्य किशोर माझ्याकडे आला होता. मठाच्या खिडक्यांना फवाऱ्यानं रंग द्यायचा होता म्हणे. "दयानंदभाऊ, झटक्यात जोराची हवा पायजे. काय घेऊ?"

मी शहाणपणा शिकवला. पायपंपानं माणूस दमतो. कॉम्प्रेसर जोरदार, पण त्याची धडधड पार लवळे गावापर्यंत ऐकू जाते. त्यापेक्षा छोटी टाकी घे, माझ्याकडून भरून ने. आवाज नाही, पण हवा मोजकीच.

त्यानं टाकी घेतली. दर गुरुवारी सकाळी भरून न्यायचा, खिडक्या मात्र होत्या तशाच. एकदा माळावर उभा असताना माझ्या लक्षात आलं, सातवा नारळ नेहमी महाराजांच्या जटेपर्यंतच जातो. माझ्या डोक्यात उजेड पडला, पण गिऱ्हाईक कशाला तोडा म्हणून मी गप्प बसलो.

मग एका बुधवारी कुशाबाकाकांच्या सगुणाकाकी दुकानात आल्या.

"दयानंदा, उद्या तुजं काका खाचराचा कौल लावत्यात. नारळ उडाला तर रस्त्याकडचं खाचर मठाला."

"तुमचं काय म्हननं हाय, काकी?"

"मला कोन इचारतंय? चाळीस वरसं त्यात भात लावतीया. चिखलात बोटं कुजली माजी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला लाज वाटली. त्यांचं खाचर ज्या हवेवर जाणार होतं, ती मीच भरून देत होतो.

गुरुवारी किशोर आला. मी टाकीत तिसरा हिस्साच हवा भरली.

"भरली का?"

"गच्च!"

त्यानं टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माळावर पहिला नारळ झकास उडाला. दुसरा कमरेएवढा गेला. तिसरा शिंक आल्यासारखा हलला. चौथा कुशाबाकाकांचा. झांजा थांबल्या, फुस्स झालं आणि नारळ जागेवरच.

"देव कोपला!" महाराज गरजले. "गर्दीत कुणीतरी नास्तिक आहे!"

"हाय की," मी पुढे झालो. "पन देव कोपला न्हाई, उपाशी हाय." आणि सोबत आणलेला पायपंप मी चौथऱ्यावर ठेवला. "घ्या महाराज, मारा शंभर!"

लोक हसायला लागले. काकींनी चौथऱ्याची चादर ओढली. बूड कापलेली घागर, खाली नळी, नळीला टाकी आणि टाकीच्या खटक्यावर किशोरचा पाय. टाकीवर माझ्याच हातानं रंगवलेलं 'दयानंद पंक्चर'.

मी दुकानातून आणलेली भरलेली टाकी नळीला जोडली. काकींनी महाराजांची एक खडाव उचलून घागरीवर ठेवली. "देवा, खाचर माजंच ना?" म्हणून त्यांनी खटका दाबला. खडाव दोन पुरुष उंच गेली. महाराज एका पायात खडाव, एक पाय अनवाणी असे जीपकडे पळाले, मागून किशोर.

कुशाबाकाका बराच वेळ आभाळाकडे बघत होते. "म्हंजे कुनीबी दाबलं तरी उडतंय?"

"व्हय," काकी म्हणाल्या. "आन आता खाचराचं मला इचारायचं."

काकांनी मान डोलावली.

देवापुढं हात जोडायला माझी कुणाला ना नाही. पण कौल जमिनीचा असो, औषधाचा असो की लेकीच्या लग्नाचा, कुणी काही हवेत उडवून दाखवलं तर आधी चादर उचला आणि हवा कुठून येते ते बघा. लाजू नका, पाप लागत नाही.

हल्ली कुशाबाकाका ट्रॅक्टरचं चाक घेऊन येतात. मी "भरली" म्हटलं, तरी वाकून स्वतः काटा बघतात. मला अजिबात राग येत नाही.