सोमाचं साटंलोटं

खैरपाड्याला देऊळ एक, तलाव एक आणि फुटबॉलमधले जाणकार घरटी दोन. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे टॉवर उभे राहत गेले, त्यात गावाचं मैदान तेवढं वाचलं. ते कसं वाचलं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. रविवारी सामना संपला की जाणकार मंडळी कल्पेशच्या बिल्डिंग मटेरियलच्या डेपोत रेतीच्या ढिगावर जमतात आणि खेळाडूंनी काय करायला हवं होतं ते खेळाडू घरी गेल्यावर ठरवतात.

कल्पेश हा गावच्या गावदेवी संघाचा सेक्रेटरी. त्या रविवारी त्यानं बातमी आणली की उल्हासनगरचा कॅम्प फोर संघ आपला जयदेव द्यायला तयार आहे. जयदेव म्हणजे बारवी करंडकात दर मोसमाला सगळ्यात जास्त गोल मारणारा गडी. मंडळी रेतीवरून उठून उभीच राहिली.

"पण त्यांना बदल्यात आपला सोमा पाहिजे," कल्पेश म्हणाला.

मंडळी परत बसली.

सोमा उजव्या बाजूचा बचाव सांभाळायचा. मिसरूड फुटल्यापासून तो गावदेवीकडूनच खेळत होता आणि आता तिशीला टेकला होता. दाराच्या कडीसारखं त्याचं काम. आहे तोवर कुणाच्या ध्यानात येत नाही.

"देऊन टाक!" अमित म्हणाला. हा जमिनीची दलाली करायचा, त्यामुळे देऊन टाकण्याची त्याला घाई असायचीच. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. सोमानं आजवर गोल किती मारले सांग ना? डिफेन्सवाला काय, कुठं पण भेटेल."

"आणि गोल खाल्ले की मग रडा," ढिगाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"अरे चार खाल्ले तरी चालतील, पाच मारू ना!"

हा हिशोब बऱ्याच जणांना पटला. प्राची नावाची कॉलेजातली मुलगी तेवढी मान हलवत होती. परदेशातल्या सगळ्या लीगा तिला तोंडपाठ, म्हणून बायकांमधून तिला एकटीला रेतीवर जागा मिळायची. जागा मिळायची, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नसायचं.

"ह्याला स्वॅप डील म्हणतात," ती म्हणाली. "पण बाहेर आधी प्लेयरला विचारतात. त्याचा एजंट असतो, तो बोलतो. सोमादादाला कुणी विचारलं का?"

"सोमाचा एजंट त्याची आई. आणि ती कुणाशीच बोलत नाय," अमित म्हणाला, आणि सगळे हसले.

प्राचीचा आजोबा हरिचंद्र तिच्या शेजारीच सिमेंटच्या गोणीवर बसला होता. तरुणपणी तो अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होता, तिथल्या संघातून खेळला होता, आणि खैरपाड्यात पहिला चामड्याचा बॉल त्यानंच आणला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला मान होता. मान होता म्हणून तो शब्द फारसा खर्च करत नसे. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून निघून गेलं.

"म्हनजे साटंलोटंच की रं. तुमची पोर आमच्या घरात, आमची पोर तुमच्या घरात."

रेतीचा ढीग हसून हसून खचायचा बाकी राहिला. स्वॅप डील ऐकून जे गप्प होते, त्यांना सगळा व्यवहार एका झटक्यात कळला. जयदेव म्हणजे येणारी सून. त्याला माप कोण ओलांडायला लावणार, सोमाच्या पाठवणीला कोण रडणार, इथपर्यंत गोष्ट गेली. अर्ध्या तासात वादाचं लग्न झालं आणि लग्न मोडायला कुणालाच आवडत नाही. ठरलं, सोमाला द्यायचं. त्याला सांगायचं काम कल्पेशकडे आलं. सोमा "बरं" म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणायचा.

हसला नाही तो एकटा हरिचंद्र. त्याचं स्वतःचं लग्न साटंलोट्याचं होतं. त्याची बहीण बनूबाई वांगणीच्या बाजूला दिली आणि त्याच घरातली तुळशी त्याच्या घरी आली. एकाच मांडवात दोन लग्नं लागली. तुळशीनं त्याचा संसार मार्गी लावला. बनूबाईच्या संसाराचा विषय घरात निघत नसे.

पुढच्या आठवड्यात कल्पेश हरिचंद्रला वडीलधारा म्हणून उल्हासनगरला घेऊन गेला. कॅम्प फोर संघाचे मालक परमानंद शेठ यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. त्यांनी थंडा मागवला, पापड मागवले, आणि कल्पेशनं साटंलोटं हा शब्द काढताच गल्ल्यावर हात आपटला.

"अरे साईं, ये तो हमारा वट्टा-सट्टा हुआ! मेरी दादी की शादी ऐसेच हुई थी, उधर सिंध में." मग त्यांनी बोट वर केलं. "लेकिन फिर रूल भी वोही. एक की लड़की वापस आयी, तो दूसरे की भी वापस. मंजूर?"

"मंजूर शेठ, मंजूर," कल्पेश हसत म्हणाला.

हरिचंद्रनं हातातला पापड बशीत परत ठेवला. नियम त्याला शेठपेक्षा जास्त माहीत होता. लग्नाला वर्ष होत आलं असताना बनूबाई एकदा माहेरी निघून आली होती. नवरा हात उचलायचा. बाप तिच्यावर रागावला नाही, की ओरडलाही नाही. इतकंच म्हणाला, "ऱ्हा. पन मंग तुलशीला तिच्या घरी धाडावी लागंल." तुळशी तेव्हा पोटुशी होती. बनूबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग जाते मी." हरिचंद्र उंबऱ्यात उभा होता आणि त्याला हायसं वाटलं होतं.

आता दुकानात बसून त्याला वाटलं, सांगावं की शब्द मागे घेतो. पण फुटबॉलच्या गोष्टीत ही रडगाणी कुठं काढायची? त्यानं पाणी मागितलं.

जयदेव आला आणि नव्याचे नऊ दिवस संपायचं नावच घेईनात. पहिल्याच सामन्यात त्यानं दोन मारले. टॉवरमधले लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसायला लागले. गावात त्याला कुणी घरी नेऊन बोंबील खायला घाली, कुणी गाडीवरून अंबरनाथ स्टेशनला सोडी. "सून चांगल्या पायाची निघाली," बायका म्हणत, आणि ते अक्षरशः खरं होतं. संघ करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. गावदेवीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

सोमाची आठवण कुणी काढली नाही. यात दुष्टपणा नव्हता. जिंकणाऱ्या माणसांना मागे वळून बघायला सवड नसते, एवढंच.

अंतिम सामन्याला दोन आठवडे उरले असताना सोमा सकाळी हरिचंद्रच्या ओटीवर येऊन बसला. तुळशीनं चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला.

"काका, मना परत यावाचा हाय," तो म्हणाला. "तिकरं मना खेलवतच नाय. त्यांनी दुसरा डिफेन्सवाला आनला. मी बॉलची जाळी उचलतो, पोरांना पानी देतो. माजा खेल ऱ्हायला तरी किती? एकादा वर्स."

हरिचंद्रनं त्याला नियम सांगितला. आतापर्यंत सोमाला तो कुणी सांगितलाच नव्हता. तू आलास तर जयदेव परत जाणार, आणि तोही अंतिम सामन्याच्या आधी.

सोमानं चहा संपवला. बशी पालथी घातली.

"मंग ऱ्हातो मी तिकरंच," तो म्हणाला. "गावाचा कशाला नुकसान?" आणि चपला घालून निघाला.

तुळशी दारात उभी होती. तिनं बशी उचलली.

"बनूबाय पन असाच बोलली व्हती," ती म्हणाली आणि आत गेली.

इतक्या वर्षांत तिनं ते नाव त्या दिवसाला जोडून कधी घेतलं नव्हतं. हरिचंद्रला वाटायचं की ती विसरली. त्याला आता खूप लाज वाटली. दुपारी तो जेवला नाही.

संध्याकाळी रेतीवर सोमाची गोष्ट आधीच पोचलेली होती.

"पण तो स्वतः राहतो म्हणाला ना?" अमितचा जीव भांड्यात पडला होता. "मग प्रॉब्लेम काय? फायनल होऊ दे, मग बघू."

"आणि तिथं त्याला काय कमी आहे?" कल्पेश म्हणाला. "कोण मारतंय का त्याला? कॅम्पात राहतो, दोन वेळ जेवतो."

"जाळी उचलायला खेळाडू लागतो का?" प्राची म्हणाली. "आणि तो राहतो म्हणाला, कारण दुसरं बोलायची सोयच ठेवली नाय आपण."

"तू लहान आहेस, गप बस."

"ती गप बसनार नाय," हरिचंद्र म्हणाला.

तो गोणीवरून उठला होता. गुडघ्यांमुळे त्याला उठायला वेळ लागायचा, म्हणून तो उठला की सगळे थांबायचे.

"साटंलोटं हा शब्द माजा व्हता. तुमी हसलात, मी गप ऱ्हायलो. आता तो शब्द मी परत घेतो. कल्पेश, शेठला फोन लाव. सोमा घरी येतंय. त्यांचा जयदेव त्यांनी न्यावा."

"काका, फायनल हाय!" अमित ओरडला. "पयल्यांदा फायनल हाय! वेडबीड लागलं काय?"

"म्हाईत हाय मना."

"कप हातातनं जाईल!"

"जाव दे."

मग जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. अमितनं म्हाताऱ्याचं डोकं, गुडघे आणि चामड्याचा बॉल या सगळ्यांचा उद्धार केला. कुणी म्हणालं मतं घेऊ. पण कल्पेश बराच वेळ हरिचंद्रकडे बघत होता, आणि गोष्ट फुटबॉलची नाही एवढं त्याला कळलं. त्यानं फोन लावला. पलीकडून शेठ म्हणाले, "रूल तो रूल है, साईं," आणि जयदेव गेला.

सोमा आला. अंतिम सामन्यात तो पूर्ण वेळ खेळला आणि चांगला खेळला. बदलापूरच्या संघानं तीन गोल मारले, तिन्ही डाव्या बाजूनं. गावदेवीनं एकही मारला नाही. गॅलरीतल्या खुर्च्या मध्यंतरालाच आत गेल्या.

त्यानंतर हरिचंद्र आणि तुळशी वांगणीला गेले. बनूबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूच्या शेतांवर मुंबईकरांचे फार्महाऊस झाले होते, तिचं अंगण मात्र तसंच होतं. ती सुपात वाल घेऊन सोलत बसली होती.

"काय रं, तुजा फुटबॉल काय म्हनतो?" तिनं विचारलं. दर वेळी ती हेच विचारायची.

हरिचंद्रनं सांगितलं. रेतीवरचा शब्द, शेठचा नियम, सोमाची बशी, सगळं सांगितलं. तुळशी जमिनीकडे बघत होती. बनूबाईचे हात थांबले नाहीत.

"मंग पोऱ्या आला परत?"

"आला."

"त्यांचा तो गेला?"

"गेला."

"मंग काय झाला?"

"हरलो. तीन गोलांनी."

"आनि?"

"आनि काय नाय. अमित दोन आठवडे बोलला नाय माज्याशी. आता बोलतो."

बनूबाईचे हात थांबले. तिनं हरिचंद्रकडे पाहिलं.

"परत यावाचा मोल एवढाच व्हता?" ती म्हणाली.

तुळशी उठली, नणंदेच्या मांडीवरचं सूप तिनं आपल्याकडे ओढून घेतलं आणि वाल सोलायला लागली. बनूबाईनं ते घेऊ दिलं.