पाण्यातली पांढरी घाण

"आता तुमचं पाणी द्या," शरयू म्हणाली. "ते बाटलीतलं. फिल्टरचं."

सेल्समनने तिच्या नवऱ्याकडे, एकनाथकडे पाहिलं. आलो फिल्टर बसवायला आणि ही बाई परीक्षा काय घेतेय? एकनाथने खांदे उडवले. त्याला फिल्टर हवाच होता.

हाच पोरगा मंगळवारी आला होता. चौऱ्याऐंशीचा मार्च, बाहेर बर्फाचा चिखल. अमेरिकेत, श्रूजबरीत येऊन आठ वर्षं झाली, तरी दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय परत पाठवणं शरयूला जमत नव्हतं. याने तर पोहेही दोनदा घेतले. मग नळाच्या पाण्यात आपल्या औषधाचे तीन थेंब टाकले. पाण्यात पांढरे तुकडे तरंगायला लागले. "हे तुम्ही पिता, मॅम." त्याच्या फिल्टरचं पाणी मात्र थेंब टाकूनही स्वच्छ राहिलं. आपल्या घरचे पोहे खाल्लेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिला आठवलं. हे तुकडे आपण पाहिलेत. अमरावतीच्या कॉलेजात अकरा वर्षं केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होती ती. हात पुसून तिने करार काढला आणि मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. घरी येऊन विकलेली वस्तू कामाच्या तीन दिवसांत लेखी कळवून कॅन्सल करता येते. राज्याचा कायदाच होता तसा. शेवटचा दिवस शुक्रवार, म्हणजे आजचाच.

"कॅन्सल कशाला?" एकनाथ म्हणाला होता. "तुकडे डोळ्यांनी पाहिलेस ना?"

"अहो, त्या थेंबांत तुरटीसारखं काहीतरी आहे. पाण्यात नेहमीचे क्षार असले की तुकडे होतात, घाण नसली तरी. त्याच्या पाण्यातले क्षार काढलेत, एवढंच."

"लॅब सोडून आठ वर्षं झाली तुला. कंपनीवाल्यांना काय कळत नाही?"

भांडण झालं नाही. त्यांच्यात होत नसे. पण ते वाक्य ती विसरली नाही. आज आपण चुकलो, तर या घरात आपल्या केमिस्ट्रीला कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

सेल्समनच्या त्या स्वच्छ पाण्यात तिने चिमूटभर खायचा सोडा टाकला. चमच्याने ढवळला.

"हा केकमध्ये घालतात. आता टाका थेंब."

"मॅम, इट डझन्ट वर्क लाइक दॅट."

"मग कसं वर्क करतं?"

पोरग्याने थेंबांची बाटली बॅगेकडे सरकवली. शेवटी एकनाथनेच ती उचलली आणि तीन थेंब टाकले.

काही झालं नाही. शरयूने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग एक तुकडा दिसला, कापसाच्या धाग्याएवढा. मग दुसरा. बघता बघता अख्खा ग्लास पांढरा.

एकनाथने वाकून ग्लासला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"तो कॅन्सल करायचा कागद दे," तो म्हणाला.

"दुपारीच पोस्टात टाकला. रजिस्टर्ड."

"म्हणजे मला विचारलंसच नाही?"

"विचारलं होतं की. तुम्ही नाही म्हणालात."

एकनाथ मोठ्याने हसला. पोरग्याने बॅग आवरली आणि सॉरीबिरी न म्हणता निघाला. शरयू खिडकीतून बघत राहिली. तो गाडीकडे गेलाच नाही. शेजारच्या घराची बेल वाजवून आत गेला. तिथे एकट्या म्हाताऱ्या मिसेस डोनोव्हन राहायच्या. आठ वर्षांत शरयू त्यांना फक्त लांबून हात करत आली होती.

तिने साडीवर कोट चढवला, सोड्याचा डबा घेतला.

"आता कुठे?"

"शेजारी."

"अगं, त्यांना तुझं इंग्लिश कळणारे का?"

"बोलायचं कुठंय? दाखवायचंय."

चिखल चुकवत ती पलीकडे गेली. म्हातारीने दार उघडलं. तिच्यामागे टेबलावर पाण्याचा ग्लास होता आणि पोरग्याच्या हातातली थेंबांची बाटली तशीच अधांतरी थांबली होती.

"हॅलो," शरयू म्हणाली. "आय ॲम शरयू. आय ॲम अ केमिस्ट."